जवानाची तपासणी

रजा संपली की सातारा जिल्ह्यातील जवान घरच्यांचा निरोप घेतो आणि सीमेकडे परतण्यासाठी पुण्याच्या लोहगाव विमानतळावर येतो. हा विमानतळ मुळात हवाई दलाचा तळ आहे. जवानाच्या खिशात लष्कराचे ओळखपत्र असते. तरीही त्याला इतर प्रवाशांप्रमाणेच तपासणीच्या रांगेत उभे राहावे लागते. जो देशाचे रक्षण करतो, त्याचीच झडती का घ्यावी, असा प्रश्न कोणाच्याही मनात येणे साहजिक आहे.

२४ डिसेंबर १९९९ रोजी काठमांडूहून दिल्लीस निघालेले एक भारतीय विमान सशस्त्र अपहरणकर्त्यांनी बळकावले आणि अखेर अफगाणिस्तानातील कंदाहार येथे नेले. त्यात एका प्रवाशाचा बळी गेला. उरलेल्यांची सुटका ३१ डिसेंबरपर्यंत झाली. या घटनेनंतर, २००० सालापासून, देशातील विमानतळांचे रक्षण क्रमाक्रमाने केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे सोपवण्यात आले. म्हणजे तपासणारा आणि तपासला जाणारा, दोघेही गणवेशधारीच!

तपासणीच्या जागी जवान कमरेचा पट्टा, नाणी व मोबाइल काढून ट्रेमध्ये ठेवतो. त्याची पिशवी क्ष-किरण यंत्रातून जाते. पडद्यावर पोलादासारखे धातू निळे दिसतात, तर अन्न, कापड, कागद असे पदार्थ नारिंगी दिसतात. नंतर तो एका चौकटीतून चालत जातो. या चौकटीत तारेची वेटोळी असतात. त्यांतून वीज वाहू लागली की भोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. त्या क्षेत्रात धातू येताच त्यात सूक्ष्म विद्युतप्रवाह उत्पन्न होतात व यंत्र सूचना देते.

जवानाने घरून निघतानाच पिशवीचे सर्व कप्पे पाहिले पाहिजेत. सरावाच्या वेळी एखादे काडतूस कप्प्यात राहून गेले असेल, तर ते विमानतळावर सापडते आणि प्रवास तेथेच थांबतो. खिशातला चाकूही हाती न ठेवता मोठ्या सामानात द्यावा लागतो.

काही जवानांच्या पायात युद्धातील जखमेमुळे पोलादी सळई बसवलेली असते. चौकटीखाली येताच तिचीही सूचना वाजू शकते. यंत्राला धातू कळतो. तो शरीरात का आला, हे कळत नाही. अशा वेळी जवान ती गोष्ट आधीच सांगतो, आणि तपासणारा शिपाई आदराने, पण आपले काम पुरे करूनच, त्याला पुढे सोडतो.

तिन्ही सैन्यदलांचे प्रमुख व काही थोडे उच्च पदाधिकारी यांनाच या झडतीतून सूट आहे. गणवेश दुसऱ्या कोणालाही शिवून घेता येतो. केवळ तो पाहून वाट मोकळी केली, तर उद्या शत्रूही त्याच वेषात येईल. सीमेवरच्या नाक्यावर जवान स्वतः प्रत्येक वाहन थांबवून पाहतो. म्हणूनच विमानतळावर थांबावे लागले, तरी त्यात त्याला अपमान वाटत नाही. विमानात बसलेल्या अनोळखी प्रवाशांचे प्राण राखणे हेही त्याचेच कर्तव्य असते.