इंग्रजीची परीक्षा अंधेरीत, तयारी मात्र गावातच

बियाणे, खते आणि पीक विमा सोडून या पानावर परीक्षेचा विषय कुठून आला, असे काहींना वाटेल. पण हल्ली शिवारफेरीला गेले की बोंडअळीच्या जोडीने हाही प्रश्न निघतो. पोरगी बी.एस्सी. अ‍ॅग्री झाली, पहिल्या वर्गात आली, आता एम.एस.साठी परदेशी जायचे म्हणते. बापाचे म्हणणे असे की, "साहेब, चार वर्षं सगळं इंग्रजीतूनच शिकली की! मग परत इंग्रजीची परीक्षा कशाला?"

प्रश्न रास्त आहे. पण बाजार समितीत आपला सोयाबीन वाळलेलाच आहे असे प्रत्येकजण सांगतो, तरी व्यापारी मॉइश्चर मीटर लावतोच. तसेच हे आहे. वर्धेचे पांडुरंग खानखोजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत शेतीशास्त्र शिकले आणि पुढे मेक्सिकोत मका-गव्हाच्या संशोधनात त्यांनी नाव कमावले. त्या काळी असे मीटर नव्हते. टोफेल ही परीक्षा 1964 साली सुरू झाली आणि आयईएलटीएस (बोलताना सगळे आयल्ट्स म्हणतात) 1989 साली. जीआरई ही वेगळी परीक्षा, तिच्यात गणित आणि तर्क यांचाही भाग असतो. ती सगळीकडे लागत नाही.

आयल्ट्समध्ये ऐकणे, वाचणे, लिहिणे, बोलणे असे चार भाग. पदव्युत्तर प्रवेशासाठी त्यातला 'अ‍ॅकॅडमिक' प्रकारच घ्यावा. 'जनरल ट्रेनिंग' हा दुसरा प्रकार आहे, घाईत तोच निवडला तर फी पाण्यात. ऐकण्याच्या भागात ध्वनिफीत एकदाच वाजते. वाचनाला एक तास, लेखनाला एक तास. बोलण्याची परीक्षा अकरा ते चौदा मिनिटांची. एक कार्ड देतात, मिनिटभर विचार करायचा आणि दोन मिनिटांपर्यंत सलग बोलायचे. आपली लेकरं अडतात ती इथेच. पाठ्यपुस्तक वाचून समजते, उत्तरही लिहिता येते, पण समोरच्याकडे बघून इंग्रजीत दोन मिनिटे बोलण्याची वेळ कॉलेजात कधी आलेलीच नसते.

गुणांचा हिशेबही समजून घ्या. चारही भागांना 9 पैकी बँड मिळतो आणि त्यांची सरासरी काढतात. समजा ऐकण्यात 6.5, वाचण्यात 7, लिहिण्यात 6 आणि बोलण्यात 5.5 आले. सरासरी 6.25 होते, ती वर जाऊन निकालपत्रावर 6.5 लागते. घरात पेढे वाटले जातात. पण पुष्कळ विद्यापीठांची अट असते की एकूण 6.5 हवेत आणि कुठल्याही एका भागात 6 पेक्षा कमी नकोत. म्हणजे या मुलीचा अर्ज अडकला. एकच भाग पुन्हा देण्याची सोय आता आहे, पण तो निकाल सगळीच विद्यापीठे धरत नाहीत. टोफेलचे गुण आजवर 120 पैकी सांगत. जानेवारी 2026 पासून 1 ते 6 अशी नवी मोजपट्टी आली आहे. तेव्हा शेजारच्या गावातल्या कुणाला पूर्वी किती पडले होते यावर अंदाज बांधू नये.

आता मुंबईची गोष्ट. उपनगर जिल्ह्यात कागदोपत्री तालुके तीनच: अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला. घाटकोपर, मुलुंड हे कुर्ल्यात मोडतात. या तालुक्यांत आता पिके थोडी आणि क्लासचे फलक फार. गावाकडून आलेल्या पोराला पहिला धक्का या फलकांचाच बसतो. 'महिनाभरात सात बँडची हमी' असे कुठे वाचले तर उगवणशक्तीची तोंडी हमी देणारा बियाणेवाला आठवा. परीक्षा घेणारी संस्था वेगळी, क्लास वेगळा. गुणांची हमी क्लासवाल्याच्या हातात नाही. पेपरचा साचा समजून घ्यायला थोडे दिवस क्लास लावला तर माझा विरोध नाही, पण त्यासाठी सोने गहाण टाकण्याचे कारण मला तरी दिसत नाही. नुसत्या परीक्षेची फीच पंधरा हजारांच्या वर जाते.

एजंटाच्या नादी लागून काय होते ते गुजरातेत दिसले. 2022 साली कॅनडातून अमेरिकेत चोरट्या वाटेने शिरताना तिकडची काही पोरं पकडली गेली. आयल्ट्सला चांगले बँड, पण न्यायाधीशापुढे इंग्रजीत बोलता येईना. मग मेहसाणा पोलिसांना परीक्षेतल्या गैरप्रकाराचा तपास करावा लागला.

तयारी गावात होते, आणि आपल्या मुलांजवळ सांगण्यासारखे भरपूर असते. बीजप्रक्रिया कशी केली, ठिबकला किती खर्च आला, औषधाच्या डब्यावरचे लेबल काय सांगते, हे रोज दोन मिनिटे इंग्रजीत मोठ्याने बोलायचे आणि मोबाईलवर टिपून स्वतःच ऐकायचे. आकाशवाणीच्या इंग्रजी बातम्या एकदाच ऐकून मुद्दे लिहून काढायचे. आम्ही पदविकावाले मराठीतून शिकलो, त्यामुळे सांगतो, पहिला महिना लाज वाटते. घरच्यांनी हसू नये एवढे पथ्य पाळावे.

ग्रामपंचायत आणि महसूलच्या मंडळींसाठी थोडे वेगळे. या परीक्षेची नोंदणी पासपोर्टवरच्या नावाने होते आणि केंद्रावर तोच पासपोर्ट दाखवावा लागतो. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी, जन्माच्या दाखल्यावर स्पेलिंग एक, आधारवर दुसरे. ही दुरुस्ती परीक्षेच्या तोंडावर निघाली की पोराचे वर्ष जाते. दाखला देताना इंग्रजी स्पेलिंग घरच्यांना एकदा वाचून दाखवले तर पुढचे हेलपाटे वाचतील.

दुसरे शिष्यवृत्तीचे. राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांतील 75 विद्यार्थ्यांना मिळते. इतर मागास, भटके-विमुक्त, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी त्या त्या विभागाच्या योजना आहेत. शाहू महाराज योजनेत विद्यापीठाचे विनाअट प्रवेशपत्र मागतात. इंग्रजीचे गुण बाकी असतील तर विद्यापीठ 'गुण आणा, मग प्रवेश' असे अटीचे पत्र देते, आणि त्यावर काम होत नाही. उत्पन्नाचा दाखला तयार, जातपडताळणी झालेली, आणि एका निकालापायी अर्जाची मुदत टळली तर वाफसा गेल्यासारखेच. म्हणून क्रम असा धरा: आधी पासपोर्ट, मग परीक्षा, मग विद्यापीठाकडे अर्ज. निकाल दोन वर्षे चालतो, त्यामुळे पदवीच्या शेवटच्या वर्षात परीक्षा दिली तरी वाया जात नाही.

आणखी एक, फी भरण्याआधी विद्यापीठाला विचारून घ्या. पदवी इंग्रजी माध्यमातून झाल्याचे पत्र काही ठिकाणी चालते. आपल्या कृषी विद्यापीठाकडून ते मागता येते.

परीक्षेची केंद्रे पुण्यात, नागपुरातही असतात. जवळचे मिळाले तर तेच घ्यावे. मुंबईच घ्यावी लागली तर आदल्या दिवशी पोचा. विदर्भ-मराठवाड्याकडून कुर्ला टर्मिनसला उतरलात तर घाटकोपर जवळ पडते, आणि तिथून 2014 पासून अंधेरीकडे मेट्रो आहे. पालघर-डहाणूकडच्यांना बोरिवली सोयीचे. मोबाईल आणि घड्याळ परीक्षेच्या खोलीत नेता येत नाही, तेव्हा सोबत आलेल्या माणसाने कुठे थांबायचे ते पोराला आधीच सांगून ठेवा.