जुन्या जीपगाडीची उंची : किती वाढवावी व कशी?

पावसाळ्यांत काळ्या जमिनीच्या वाटेनें ज्यास मळ्यापर्यंत जावें लागतें, त्यास जुन्या जीपगाडीचें मोल निराळें सांगावयास नको. १९४७ सालीं मुंबईस विलीज जीपगाड्यांची जोडणी सुरू झाली. पुढें महिंद्रा कंपनी सी. जे. ३-बी नमुन्याच्या गाड्या येथेंच तयार करूं लागली, आणि १९८५ सालीं मारुतीची जिप्सी आली. या गाड्यांची ठेवण एकच : पुढें व मागें अखंड आंस, आणि चारी चाकांवर पोलादी पाट्यांच्या कमानी. त्यांपैकीं अनेक गाड्या आजहि शेतावर राबत आहेत. त्यांच्या मालकांस हल्लीं उंची वाढविण्याच्या संचाचा, म्हणजे लिफ्ट किटचा, मोह पडतो. हा संच घ्यावा कीं नाहीं, व घ्यावयाचा तर कोणता, याचा विचार येथें करावयाचा आहे.

प्रस्तुत लेखकानें हा धडा पैसे मोजून घेतला आहे. आमच्या जीपच्या मागील शॅकल एका कारागिराकडून लांब करून घेतल्या. गाडी उंच दिसूं लागली व पाहणारांनीं ती वाखाणलीहि. पुढें एके दिवशीं ओढ्याच्या चढावर मागचें एक चाक खळग्यांत लोंबकळलें, ब्रेकची रबरी नळी ताणून तुटली, आणि पेडल पायाखालीं तळास गेलें. गाडी उतारावरून मागें सरली. मागें बसलेल्या दोघां गड्यांनीं उड्या टाकल्या म्हणून ते बचावले. गाडी बाभळीच्या बुंध्यास अडली. उंचीबरोबर नळीहि लांब बसवावी लागते, हें कारागिरानें सांगितलें नाहीं व आम्हीं विचारलें नाहीं.

प्रथम मोजमाप.— जुनी गाडी खालीं घासूं लागली म्हणजे तिची मूळची उंची अपुरी आहे असें होत नाहीं. वर्षानुवर्षे भार सोसून पाटे बसतात. गाडी सपाट जागीं उभी करून, नेहमींचें ओझें घालून, प्रत्येक चाकापाशीं आंसापासून सांगाड्यापर्यंतचें अंतर मोजावें व तें त्याच नमुन्याच्या सुस्थितींतील गाडीशीं ताडून पाहावें. इंच-दीड इंच कमी भरला, किंवा डावी-उजवी बाजू सारखी नसली, तर गेलेली उंची परत मिळविणें एवढेंच काम आहे. पाट्यांस पुन्हां कमान देतां येते. परंतु नुसते थंड ठोकून वाकविलेले पाटे लवकरच पुन्हां बसतात. भट्टींत तापवून योग्य पाणी देणारा कारागीर नसेल, तर मूळ मापाचे नवे पाटे घेणें बरें.

उंची दोन प्रकारची.— एक उंची आंसाखालची व दुसरी सांगाड्याखालची. आंस चाकांत बसविलेला असल्यामुळें पाटे कितीहि उंच केले तरी तो जमिनीपासून सूतभरहि वर जात नाहीं. चाकोरीच्या मधल्या उंचवट्यावर डिफरेन्शियलचा गोळा टेकून गाडी अडत असेल, तर लिफ्ट किटनें ती सुटणार नाहीं. त्यास उपाय मोठ्या टायरचा. टायरचा व्यास २ इंच वाढला कीं आंस १ इंच वर जातो. मात्र मोठ्या टायरनें एंजिनावर ओढ वाढते, ब्रेकांस जास्त श्रम पडतात व वेगमापक खऱ्यापेक्षां कमी वेग दाखवितो. लिफ्ट किटचें खरें काम दोनच : सांगाडा, सायलेन्सर, पायरी इत्यादि भाग बांधावर घासूं न देणें, आणि मोठ्या टायरास जागा करून देणें.

उंची वाढविण्याचे मार्ग.— सर्वांत स्वस्त मार्ग लांब शॅकलचा. शॅकल पाट्याच्या एकाच टोकास असल्यामुळें ती २ इंच वाढविली तरी गाडी सुमारें १ इंचच चढते, आणि आंस थोडा फिरून चाकांचे कोन बदलतात. पुढच्या आंसाचा कॅस्टर कोन अशा रीतीनें कमी झाला, तर वळणानंतर स्टीअरिंग आपोआप सरळ होत नाहीं व गाडी रस्त्यावर भरकटते. दुसरा मार्ग जुन्या पाट्यांत एक पाटा वाढविण्याचा. भार नित्य असेल तर तो चालतो, परंतु रिकामी गाडी दगडासारखी आदळते. पाट्याची जाडी दुप्पट केली तर त्याचा ताठरपणा आठपट होतो. म्हणून थोड्या जाड पाट्यांपेक्षां पुष्कळ पातळ पाट्यांची कमान मऊ चालते. तिसरा मार्ग आंस व पाटा यांमध्यें ठोकळा घालण्याचा. तो पुढच्या आंसास कधींहि करूं नये. ब्रेक मारतांना पडणारा पीळ ठोकळ्यास सरकवूं शकतो. चौथा मार्ग आंसाखालचे पाटे आंसावर नेऊन बसविण्याचा. त्यानें चार-पांच इंच उंची एकदम मिळते, परंतु स्टीअरिंगची जोडणीहि नव्यानें करावी लागते; शेतकऱ्यानें त्याच्या वाटेस जाऊं नये. पांचवा व सर्वांत निर्दोष मार्ग अधिक कमानीच्या नव्या पाट्यांच्या पूर्ण संचाचा.

उंचीबरोबर काय बदलतें?— जीप आंखूड, म्हणून तिचा मागील प्रॉपेलर शाफ्टहि आंखूड. तो २० इंचांचा धरला, तर २ इंच उंचीनें त्याचा कोन सुमारें ६ अंशांनीं व ४ इंचांनीं सुमारें ११ अंशांनीं वाढतो. कोन वाढला कीं कारागीर ज्यास ‘क्रॉस’ म्हणतात तो सांधा थरथरूं लागतो व लवकर झिजतो. पाट्याखालीं पाचर घालून डिफरेन्शियलचें तोंड फिरवितां येतें, परंतु त्यासहि मर्यादा आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट तोलाची. जुन्या जीपच्या डाव्या-उजव्या चाकांमधील अंतर सुमारें ४८ इंच, म्हणजे मध्यापासून २४ इंच. उदाहरणादाखल भारासह गुरुत्वमध्य २६ इंचांवर धरला, तर उभी गाडी सुमारें ४३ अंश कलेपर्यंत पडणार नाहीं. तो ३ इंच वर गेला कीं ही मर्यादा ४० अंशांवर येते. पाटे एका अंगास दबणें, वळणाचा जोर, टपावरील पोतीं हें सर्व यांतून आणखी वजा होतें. ज्या बांधावरून गाडी काल सुखरूप उतरली, त्याच बांधावर ती आज कलंडूं शकते. आणि गाडींत बहुधा आपलींच माणसें असतात.

कायद्याची बाजू.— मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ अन्वयें, निर्मात्यानें ठरविलेल्या व नोंदपुस्तकांतील तपशिलाशीं विसंगत होईल असा बदल मालकानें करावयाचा नाहीं. सर्वोच्च न्यायालयानेंहि जानेवारी २०१९ मध्यें हेंच स्पष्ट केलें. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनंतर तपासणी करून पुढें चालू ठेवावी लागते. त्या वेळीं असा बदल नडतो, व अपघात झाल्यास विमा कंपनीशीं वाद उभा राहतो. म्हणून मूळ मापाच्या पलीकडे जाण्यापूर्वीं परिवहन कार्यालयाकडे लेखी विचारणा करावी.

निवड व बसवणूक.— वरील सर्व पाहतां, शेतावरील गाडीस दीड ते दोन इंचांहून अधिक उंचीची सहसा गरज नसते. संच घेतांना विक्रेत्यास गाडींतील नेहमींचा भार सांगावा. दुधाचे कॅन वाहणारी गाडी व कुटुंबाची गाडी यांचे पाटे एक नव्हेत. पाट्यांबरोबर त्याच मापाचे शॉकअबसॉर्बर, नवे यू-बोल्ट, लांब ब्रेकनळ्या व लागतील त्या पाचरी मिळतात कीं नाहीं हें पाहावें. जुने यू-बोल्ट पुन्हां वापरूं नयेत. शॅकलचे बोल्ट गाडीचा भार चाकांवर आल्यावरच पुरते आंवळावे. बसविल्यावर एकेक चाक लोंबतें ठेवून व स्टीअरिंग दोन्हीं टोकांस फिरवून प्रत्येक नळी सैल राहते याची स्वतःच्या डोळ्यांनीं खात्री करावी. पहिल्या १०० किलोमीटरनंतर सर्व यू-बोल्ट पुन्हां आंवळावे व दिव्यांचा झोत खालीं घ्यावा.

उंची विकत घेणें सोपें आहे, तिच्याबरोबर येणाऱ्या गोष्टी निभावणें कठीण. प्रथम मोजावें, गेलेली उंची परत मिळवावी, आणि त्यानेंहि काम भागलें नाहीं तरच पुढचा इंच घ्यावा.