ऐरणीवरचा घाव आणि घाटातली धडक

भातकापणी जवळ आली की मावळातल्या लोहाराला उसंत नसते. भाता चालतो, लोखंड लाल होते, सांडशीत धरून ते ऐरणीवर ठेवले जाते आणि घणाचे घाव पडू लागतात. तांबडेपणा उतरला की लोहार थांबतो व लोखंड पुन्हा भट्टीत सारतो. थंड लोखंड घणाला दाद देत नाही, हे त्याला पक्के ठाऊक असते.

धातूच्या वागण्यावर तापमानाचा परिणाम होतो हे आपण सहज मान्य करतो. पण घाव किती वेगाने बसला यालाही महत्त्व असते का?

लोणावळ्याजवळच्या घाटातून द्रुतगती मार्ग जातो. तेथे एखादी मोटार कठड्यावर आदळली, तर पुढच्या भागातील पत्र्याला चुरगळण्यासाठी जेमतेम एक दशांश सेकंद मिळतो. पत्रा ठरल्याप्रमाणे दुमडला, तर धडकेची ऊर्जा तो स्वतःत जिरवतो. तो अपेक्षेपेक्षा ताठ निघाला, तर तडाखा आतल्या माणसांना बसतो. म्हणून त्या क्षणी पोलाद किती बळकट असेल, हे अभियंत्याला आधीच माहीत हवे.

नेहमीच्या चाचणीत यंत्र धातूची कांडी काही मिनिटे सावकाश ताणते. धडकेचे उत्तर तेथे मिळत नाही. 1872 मध्ये जॉन हॉपकिन्सन यांनी लोखंडी तारेला पडत्या वजनाने झटके दिले. तार तुटणे हे वजनापेक्षा ते किती उंचीवरून पडते, म्हणजेच त्याच्या वेगावर, अवलंबून असल्याचे त्यांना दिसले. त्यांचे पुत्र बर्ट्रम यांनी 1914 मध्ये पोलादी दांड्यातून जाणाऱ्या तरंगाच्या साहाय्याने स्फोटाचा दाब मोजला. 1949 मध्ये कोल्स्की यांनी दोन दांडे एका रेषेत ठेवून त्यांच्यामध्ये धातूची लहान चकती बसवली. आजही हीच पद्धत वापरतात.

आता थोडे गणित करू. पहिल्या दांड्यावर 25 सेंटिमीटर लांबीचा पोलादी ठोकळा आदळतो. पोलादात तरंग सेकंदाला सुमारे 5 किलोमीटर धावतो. ठोकळ्यातून जाऊन परत यायला, म्हणजे 50 सेंटिमीटर अंतराला, त्याला 0.0001 सेकंद लागतो. तेवढाच वेळ धक्का टिकतो. चकती 5 मिलिमीटर जाड असून तिच्या दोन बाजू सेकंदाला 10 मीटर वेगाने जवळ आल्या, तर विकृतीचा दर 10 ÷ 0.005 = 2,000 प्रति सेकंद होतो. 0.0001 सेकंदात विकृती 0.2 होईल. म्हणजेच 5 मिलिमीटरची चकती 4 मिलिमीटरची होईल! दांड्यांवर चिकटवलेल्या मापक पट्ट्या तरंगांची नोंद करतात. परतलेल्या तरंगावरून चकती किती वेगाने दबली ते कळते, पलीकडे गेलेल्या तरंगावरून बल कळते. चकतीभोवती छोटी भट्टी बसवली की तापमानही बदलता येते.

अशा प्रयोगांतून काय दिसले? विकृतीचा दर सेकंदाला 40 च्या आसपास गेला, की साध्या मऊ पोलादाला कायमचे वाकवण्यास जवळजवळ दुप्पट बल लागते. ॲल्युमिनियमच्या बऱ्याच मिश्रधातूंत मात्र फरक थोडा असतो.

याचे कारण अणूंच्या रचनेत आहे. धातू वाकतो तेव्हा अणूंच्या रांगांतील दोष पुढे सरकतात. वाटेतले अडथळे ओलांडताना त्यांना अणूंच्या उष्णताजन्य कंपनांची मदत होते. तापमान जास्त असेल किंवा सवड भरपूर असेल, तर अडथळा सहज पार होतो. म्हणून घाई केल्याचा परिणाम बराचसा थंड केल्यासारखाच होतो.

यात एक गंमतही आहे. वाकवण्यासाठी केलेल्या कार्याचा बहुतांश भाग उष्णता बनतो, हे टेलर व क्विनी यांनी 1934 मध्ये दाखवले. सावकाश चाचणीत ही उष्णता निघून जाते. झटक्यात तिला वेळच मिळत नाही, त्यामुळे वेगाने ताठ झालेला धातू स्वतःच्याच उष्णतेने थोडा मऊही होतो. म्हणूनच जॉन्सन आणि कुक यांच्या 1983 च्या सूत्रात विकृती, तिचा दर आणि तापमान या तिन्ही गोष्टींचा गुणाकार आहे. असे आकडे हाती असले की मोटारीची धडक आधी संगणकावर तपासता येते.

ही उष्णता तुम्हीही अनुभवू शकता. जाड तारेचा तुकडा एकाच जागी दहा-बारा वेळा भराभर मागेपुढे वाकवा आणि लगेच त्या जागी बोट लावा. मग तसाच दुसरा तुकडा तितक्याच वेळा, पण थांबत थांबत वाकवा. दोन्हींत फरक का पडला, हे आता तुम्हीच सांगा.