‘जॅग’: खटला भरायचा कोणी?

‘जॅग’ म्हणजे जज ॲडव्होकेट जनरल, सैन्याच्या विधी विभागाचा प्रमुख. या नावाची अमेरिकी मालिका १९९५ ते २००५ या काळात चालली. एका वर्षात एनबीसीने ती बंद केली. सीबीएसने उचलून पुढे नेली. तिचे कर्ते डोनाल्ड बेलिसारिओ स्वतः मरीन दलात होते.

नायक हार्मन रॅब हा रातांधळेपणामुळे लढाऊ विमान सोडावे लागलेला नौदलातला वकील. तो आज गुन्ह्याचा माग काढतो, उद्या सरकारी बाजू मांडतो, परवा आरोपीचा बचाव करतो. प्रत्यक्षात गंभीर गुन्ह्यांचा तपास एनसीआयएस ही वेगळी यंत्रणा करते. तिच्यावरची मालिकाही २००३ साली ‘जॅग’मधूनच निघाली.

मला मात्र दुसरा फरक अधिक महत्त्वाचा वाटतो. १९५१ साली लागू झालेल्या लष्करी न्यायसंहितेत खटला भरायचा की नाही, हे वकील नव्हे, वरिष्ठ सेनाधिकारी ठरवी. निवाडा करणारे सदस्यही तोच नेमी. शिस्तीसाठी हे हवेच, असा युक्तिवाद होता. पण तक्रारदार आणि आरोपी एकाच अधिकाऱ्याच्या हाताखाली असतील, तर दाद मागायची कोणाकडे? लैंगिक अत्याचारांच्या प्रकरणांनी हा प्रश्न ऐरणीवर आणला. अखेर कायदा बदलला. डिसेंबर २०२३पासून खून, बलात्कार यांसारख्या गुन्ह्यांत हा निर्णय स्वतंत्र लष्करी वकिलांकडे आला.

पटकथाकारांनी रॅबला सहज दिलेल्या स्वतंत्र बाण्याला कायद्याचा आधार मिळायला मालिका संपून अठरा वर्षे जावी लागली.