दुचाकीची खडखड

उधारी वसूल करण्यासाठी आसपासच्या गावांत फिरणारा आपल्या घरातील तरुण पूर्वी साधी मोटारसायकल वापरत असे. तिच्या इंजिनाभोवती आवरण नसल्यामुळे खडखडण्यासारखेही फारसे काही नसे. २००३ मध्ये हिरो होंडाची करिझ्मा आणि २००८ मध्ये यामाहाची आर-१५ आली, तशा प्लास्टिकच्या आवरणाच्या, म्हणजे फेअरिंगच्या, गाड्या तरुणांच्या आवडीच्या झाल्या. आवरणाबरोबर लहान बोल्ट, क्लिपा आणि रबरे आली, आणि काही वर्षांनी त्यांची खडखडही आली.

पुष्कळ घरांत ही खडखड कानाआड केली जाते. ते योग्य नव्हे. एका बाजूने सुटलेले पॅनेल पुढच्या चाकाला घासू शकते किंवा हॅण्डल वळण्यास अडथळा करू शकते. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, 'पॅनेलच वाजत असेल' असे म्हणून सोडून दिलेला आवाज प्रत्यक्षात ब्रेकच्या कॅलिपरचा किंवा इंजिन धरून ठेवणाऱ्या बोल्टचा असू शकतो. म्हणून प्रथम हे मोठे बोल्ट तपासावेत. त्यांत शंका वाटल्यास गाडी न चालवता मेकॅनिकला बोलवावे.

त्यानंतर आवाजाची जागा शोधावी. गाडी मोकळ्या जागेत न्यूट्रलमध्ये सुरू ठेवून वेग हळूहळू वाढवावा आणि तळहाताने एकेक पॅनेल दाबून पाहावे. ज्या जागी दाबताच आवाज थांबतो, तेथेच दोष असतो. सायलेन्सर आणि साखळी यांपासून हात अर्थातच दूर ठेवावा. काही पॅनेले इंजिनाच्या एका ठरावीक वेगालाच वाजतात, त्यामुळे घाई करू नये.

बोल्ट सैल का होतात, याचे उत्तर रंजक आहे. एक सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेते, तेव्हा गाडीला सेकंदाला सुमारे १०० हादरे बसतात. जर्मन अभियंता गेरहार्ड युंकर यांनी १९६९ मध्ये दाखवून दिले की, बोल्टच्या आडव्या दिशेने होणारी हालचाल त्याला सर्वाधिक सैल करते. अशा हालचालीपुढे आपल्या दुकानांत ढिगाने विकला जाणारा स्प्रिंग वॉशरही फारसा टिकाव धरत नाही. बोल्ट टिकतो तो पुरेशा ताणामुळे.

परंतु प्लास्टिकवर असा ताण देता येत नाही, आणि येथेच बहुतेक दुरुस्त्या बिघडतात. कारखान्यातून येताना पॅनेलच्या भोकात अनेक ठिकाणी एक रबर बसवलेले असते आणि रबराच्या आत धातूची एक छोटी नळी असते. बोल्ट आवळला की तो त्या नळीवर टेकतो. पॅनेल मात्र रबरात किंचित मोकळे राहते व हादरे सोसते. सर्व्हिसिंगच्या वेळी ती नळी जमिनीवर पडते, हरवते, आणि तिच्या जागी एक मोठा वॉशर घालून बोल्ट करकचून आवळला जातो. आठ-पंधरा दिवस शांतता राहते; मग भोकाभोवती तडा जातो. दोन रुपयांची बचत करून हजारोंचे पॅनेल घालवण्याचा हा व्यवहार व्यापारी माणसाला तरी पटू नये. रबर आणि नळी जागेवर असतील, तर हलक्या हाताने आवळणेही पुरते.

सर्व बोल्ट आधी बोटांनी दोन-तीन आटे लावून घ्यावेत आणि मगच पाना लावावा. एक कोपरा आधी पक्का केल्यास दुसऱ्या टोकाची भोके जुळत नाहीत. धातूत बसणाऱ्या बोल्टचे आटे पुसून, तेलाचा अंश काढून, निळ्या थ्रेडलॉकरचा एक थेंब लावावा. तो साध्या पान्याने पुन्हा सुटतो. लाल प्रकार मात्र सोडवण्यास उष्णता द्यावी लागते, म्हणून टाळावा. प्लास्टिकला हे द्रव लागू देऊ नये, कारण त्याने एबीएससारख्या प्लास्टिकला चिरा पडू शकतात. दोन पॅनेलांच्या कडा एकमेकींवर घासत असल्यास मध्ये फोमची पातळ पट्टी लावावी.

हरवलेल्या बोल्टच्या जागी हाताला येईल तो बोल्ट लावू नये. ६ मिलिमीटरच्या सर्वसाधारण बोल्टचे आटे १ मिलिमीटर अंतराने असतात, ५ च्या बोल्टचे ०.८ अंतराने. जाडी जुळली, तरी लांबीही पाहावी: पॅनेलमागे वायरिंग किंवा रेडिएटर असतो आणि लांब बोल्टचे टोक त्यात शिरते. नमुन्याचा बोल्ट बरोबर घेऊनच दुकानात जावे.

काम झाल्यावर प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून शेजारच्या भागावर रंगाची एक बारीक रेघ ओढावी. शंभरएक किलोमीटरनंतर जी रेघ तुटलेली दिसेल, तो बोल्ट फिरला आहे.