स्टँप

स्टँप : दाबून वा ठोकून उमटविलेली खूण, ती उमटविण्याचे साधन आणि अशी खूण धारण करणारा कागद किंवा तिकीट, या तिन्हींना लावला जाणारा इंग्रजी शब्द. कुटणे, तुडविणे अशा अर्थाच्या जर्मानिक धातूपासून तो आलेला आहे. पाय आपटणे या अर्थाने त्याचे क्रियापद इंग्रजीत अद्यापि प्रचारात आहे. मराठीत हा शब्द इंग्रजी अमलात रुळला. तथापि त्याला एकच प्रतिशब्द मिळाला नाही. शिक्का, ठसा, छाप, ठप्पा, तिकीट व मुद्रांक असे निरनिराळे शब्द प्रसंगानुसार योजावे लागतात. ही मराठीची उणीव समजण्याचे कारण नाही. इंग्रजीत एका शब्दात गुंतलेल्या वस्तू मराठीने वेगळ्या करून दाखविल्या आहेत.

यांपैकी शिक्का हा शब्द जुना व भारदस्त. मूळ अरबी शब्दाचा अर्थ नाणे पाडण्याचा ठसा. त्यावरून नाणे व राजमुद्रा हे अर्थ निघाले. नाशिक जिल्ह्यातील चांदवड येथे होळकरांची टांकसाळ होती. अशा टांकसाळींत धातूची चकती दोन ठशांमध्ये ठेवून वरून घणाचा आघात करीत, म्हणजे इंग्रजी शब्दाचा मूळ धात्वर्थच तेथे प्रत्यक्षात येई. मराठेशाहीतील पत्रांच्या माथ्यावर मुद्रा आणि शेवटी मोर्तब उठविण्याची रीत होती. मोर्तब झाले म्हणजे मजकूर संपला, त्यापुढे कोणास काही वाढविता येऊ नये, असा त्यामागील हेतू. ‘शिक्कामोर्तब’ हा जोडशब्द या रीतीतून आला असून अंतिम मान्यता या अर्थाने तो आजही वापरला जातो. कचेरीतील ‘गोल शिक्का’ हा त्याच परंपरेचा रबरी वारस होय.

टपालाच्या संदर्भात मात्र शिक्का म्हणून चालत नाही. तेथे तिकीट हाच शब्द रूढ आहे. ब्रिटनमध्ये रोलंड हिल यांच्या योजनेनुसार ६ मे १८४० पासून डकवावयाचे तिकीट वापरात आले आणि टपालखर्च पाठविणाऱ्याने आगाऊ भरावा ही पद्धत स्थिरावली. भारतात बार्टल फ्रीअर यांनी १८५२ मध्ये सिंध प्रांतात अर्ध्या आण्याचे गोल तिकीट काढले. त्यावेळी सिंध मुंबई इलाख्याचा भाग होता. हे तिकीट शाईने छापलेले नसून दाबठशाने उठविलेले होते. तेव्हा तिकीट हे ठशाचेच अपत्य म्हणावयास हरकत नाही. १ ऑक्टोबर १८५४ पासून सर्व ब्रिटिश भारतासाठी तिकिटे सुरू झाली. पुढे सु. सत्तर वर्षे भारताची बहुतेक तिकिटे लंडनच्या डी ला रू या कंपनीकडून छापून येत.

ही स्थिती नाशिकमुळे पालटली. नाशिक रोड येथे १९२५ मध्ये भारत प्रतिभूती मुद्रणालय स्थापन झाले आणि टपालाची तिकिटे, मुद्रांक कागद, न्यायालय शुल्काची तिकिटे इ. तेथे छापली जाऊ लागली. १९२८ पासून शेजारच्या चलनपत्र मुद्रणालयात नोटा छापल्या जाऊ लागल्या. नवी दिल्लीच्या उद्‌घाटनानिमित्त १९३१ मध्ये निघालेली चित्रमय तिकिटे नाशिकचीच. स्वतंत्र भारताचे पहिले तिकीट, २१ नोव्हेंबर १९४७ रोजी निघालेले साडेतीन आण्यांचे, राष्ट्रध्वज व ‘जय हिंद’ ही अक्षरे असलेले, तेही येथेच छापले गेले. इंग्रजीत स्टँप या एका शब्दाखाली येणारे इतके प्रकार एका आवारात तयार होत असले, तरी नाशिककर या संस्थेला नुसते ‘प्रेस’ म्हणतात.

टपालात स्टँपचे दोन अर्थ एकमेकांवर येऊन पडतात : तिकीट हाही स्टँप आणि त्यावर मारलेला दिनांकाचा ठसाही स्टँपच. पहिला शुल्क भरल्याची साक्ष देतो, दुसरा ती साक्ष वापरली गेल्याचे दाखवून तिकीट रद्द करतो. १९७१ मध्ये बांगलादेशाच्या निर्वासितांसाठी पाच पैशांचा अधिभार बसविण्यात आला, तेव्हा मजकूर अधिमुद्रित केलेली तिकिटे सर्वत्र वेळेत पोहोचेपर्यंत ठिकठिकाणी साध्या तिकिटांवर हातशिक्क्याने तोच मजकूर उठविला गेला. तेथे शिक्क्याने तिकीट रद्द केले नाही, तर त्याला नवा अर्थ दिला.

कायद्याच्या क्षेत्रात मुद्रांक ही संज्ञा योजली जाते. भारतीय मुद्रांक अधिनियम १८९९ चा असून महाराष्ट्रात १९५८ चा राज्य अधिनियम लागू आहे. येथे स्टँप म्हणजे दस्तऐवजावरील कर भरल्याचा पुरावा. हा कर व्यवहारावर नसून दस्तऐवजावर असतो, हे ध्यानात घेणे आवश्यक आहे. ‘स्टँप करून दिला’ म्हणजे व्यवहार पक्का झाला, अशी समजूत खेड्यापाड्यांतच नव्हे, तर शहरांतही प्रचलित आहे आणि तिने अनेकांची जमीन व घरे वादात अडकविली आहेत. ती चुकीची आहे. मुद्रांक कागदावर लिहिल्याने अवैध करार वैध होत नाही. शंभर रुपये वा अधिक किंमतीच्या स्थावर मालमत्तेचे खरेदीखत नोंदविलेले नसेल, तर कागद कितीही रकमेचा असला तरी मालकी हस्तांतरित होत नाही. मात्र योग्य शुल्क न भरलेला दस्तऐवज न्यायालयात पुराव्यादाखल स्वीकारला जात नाही. तूट दंडासह भरल्यावर तो सामान्यतः दाखल करता येतो. म्हणजे मुद्रांक नसण्याने हानी होते. पण केवळ असण्याने हक्क उत्पन्न होत नाही.

रसीदी तिकिटाचेही असेच आहे. त्यावर आडवी सही केल्याने पावतीला बळ येते असे मानतात. वस्तुतः ते तिकीट पुन्हा वापरता येऊ नये म्हणून सहीने रद्द केले जाते, म्हणजे टपालाच्या ठशाचे काम येथे सही करते. पाच हजार रुपयांहून अधिक रकमेच्या पावतीस एक रुपयाचे तिकीट लागते. ‘तिकीट’ हे नाव येथे विसंगत वाटले, तरी ते निराधार नाही : १९०६ नंतर भारतात टपाल व महसूल या दोन्ही कामांस चालणारी समाईक तिकिटे निघत असत.

कागदाच्या तुकड्याला पैशाचे मोल आले, की त्याची नक्कल होणे ओघानेच येते. अब्दुल करीम तेलगी याला २००१ मध्ये अटक झाली आणि त्यानंतर बनावट मुद्रांकांच्या गुन्ह्याची अनेक राज्यांत पसरलेली व्याप्ती उघडकीस आली. या अनुभवानंतर छापील कागदावरचे अवलंबन कमी करण्याकडे राज्यांचा कल वाढला. आता शुल्काचा भरणा संगणकीय पद्धतीने होऊन त्याची पावती किंवा प्रमाणपत्र दस्तऐवजास जोडता येते. त्यावर ठसा नाही, तिकीट नाही. तरी बोलण्यात तो ‘स्टँप’च राहिला आहे.

लाक्षणिक अर्थांत मराठीने आपले शब्द निवडून ठेवले आहेत. चांगला प्रभाव असेल तर छाप पडते, कायमचा असेल तर ठसा उमटतो, आणि बदनामी असेल तर शिक्का बसतो. हे तीन शब्द सहसा आपापली जागा सोडीत नाहीत. एकाच तऱ्हेच्या माणसांना ‘एका छापाची’ म्हणतात. स्वतःचा निर्णय नसलेल्या अधिकाऱ्याला किंवा सभेला मात्र ‘रबरी शिक्का’ म्हणतात. हा प्रयोग इंग्रजीवरून आला असला, तरी कचेऱ्यांचा अनुभव असलेल्या समाजाला तो परका वाटला नाही.