ओळखपट्टी कुणासाठी?

अमेरिकेत बॉस्टनलगतच्या सॉमरव्हिल या शहरात २५ मार्च २०२५ रोजी सायंकाळी, इफ्तारसाठी निघालेल्या टफ्ट्स विद्यापीठातील एका तुर्की विद्यार्थिनीला साध्या वेशातील काही व्यक्तींनी भररस्त्यात घेरले. अंगावर गणवेश नव्हता आणि तोंडे कापडाने झाकलेली होती. ती माणसे संघराज्य सरकारची होती. मात्र कॅमेऱ्यात टिपलेली दृश्ये पाहणाऱ्या अनेकांना ते अपहरण वाटले. मे महिन्यात न्यायालयाच्या आदेशाने तिची सुटका झाली. पुढे जूनमध्ये लॉस एंजेलिसमधील धरपकडीत असेच मुखवटे सर्रास दिसू लागले आणि अटक करणाऱ्याने आपली ओळख दर्शनी ठेवावी की नाही, हा वाद पेटला.

असा नियम तेथे आधीपासून नाही काय? आहे, पण अपुरा. स्थलांतर अधिकाऱ्याने अटकेच्या वेळी ‘व्यवहार्य आणि सुरक्षित असेल तितक्या लवकर’ आपण अधिकारी असल्याचे सांगावे, असे संघराज्याची नियमावली म्हणते. म्हणजे वेळ ठरवणार तोच अधिकारी. शिवाय त्याने सांगायचे ते आपण अधिकारी आहोत एवढेच. नाव वा क्रमांक सांगण्याचे बंधन त्यात नाही. वॉशिंग्टन आणि पोर्टलँड येथील २०२० च्या आंदोलनांत निनावी सशस्त्र पथके उतरल्यानंतर जानेवारी २०२१ मध्ये नाव अथवा क्रमांक आणि खात्याचे नाव दर्शनी लावण्याची सक्ती कायद्याने झाली खरी, पण ती नागरी अशांततेच्या बंदोबस्तापुरती. एखाद्याला कामाच्या ठिकाणाहून वा बसथांब्यावरून उचलणे तिच्या कक्षेत येत नाही.

ही फट बुजवण्यासाठी सिनेटर अॅलेक्स पॅडिला आणि कोरी बुकर यांनी जुलै २०२५ मध्ये विधेयक मांडले. खात्याचे नाव किंवा आद्याक्षरे आणि सोबत अधिकाऱ्याचे नाव किंवा बिल्ला क्रमांक वाचता येईल असा असावा, ही त्यातील मुख्य अट. गुप्त कारवायांना त्यातून सूट आहे.

सरकारचा आक्षेप असा, की अधिकाऱ्यांची छायाचित्रे व पत्ते इंटरनेटवर टाकून त्यांच्या कुटुंबीयांना धमकावले जाते. ही भीती पोकळ म्हणता येणार नाही. पण विधेयकातील ‘किंवा’ हा शब्द नेमका येथेच कामाचा आहे. क्रमांकावरून शेजाऱ्यापाजाऱ्यांना घर सापडत नाही. तक्रार आली तर खात्याला मात्र माणूस सापडतो. नावाची गरज नसताना क्रमांकही का नको, याचे समाधानकारक उत्तर सरकारकडून मिळालेले नाही.

दुसरा धोका तोतयांचा. जून २०२५ मध्ये मिनेसोटात पोलिसासारखा वेश आणि मुखवटा घातलेल्या हल्लेखोराने लोकप्रतिनिधी मेलिसा हॉर्टमन व त्यांच्या पतीची हत्या केली. बिल्लाही खोटा बनवता येतो, हे खरे. परंतु खात्याला दूरध्वनी करून क्रमांक पडताळता येतो, मुखवट्याची पडताळणी कशी करणार?

भारतात हे तत्त्व कागदावर तरी जुने आहे. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये अटक करणाऱ्या पोलिसाने नाव व पद स्पष्ट दिसेल अशी पट्टी लावावी, असे बजावले. ते २००८ च्या दुरुस्तीने फौजदारी प्रक्रिया संहितेत आले आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६ मध्ये आहे.

अमेरिकेत काँग्रेसची वाट न पाहता कॅलिफोर्नियाने सप्टेंबर २०२५ मध्ये दोन कायदे केले: एक मुखवट्यांवर बंदीचा, दुसरा ओळख दर्शवण्याचा. राज्याने संघराज्याच्या अधिकाऱ्यांना नियम घालून देणे घटनाबाह्य आहे, असे सांगत केंद्र सरकार नोव्हेंबरमध्ये न्यायालयात गेले. फेब्रुवारी २०२६ मध्ये जिल्हा न्यायालयाने मुखवटाबंदी रोखली. राज्याने स्वतःच्या पोलिसांना तिच्यातून वगळले होते, हे त्यामागचे कारण. ओळखीची अट मात्र त्या निकालात कायम राहिली आणि सरकारने अपिलाचा मार्ग धरला.